जेवणाआधी की जेवणानंतर?

आमच्या घरी सकाळचा चहा नेमका कधी प्यायचा, हा प्रश्न सध्या लोंबकळत पडला आहे. बायकोची थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी. ती घेतली की निदान अर्धा तास तोंडात काही टाकायचं नाही. लोहाची गोळीही रिकाम्या पोटीच चांगली लागू पडते. पण तिने थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब राहायचं. कॅल्शियमचंही थायरॉइडशी चार तासांचं सोवळं. लोह आणि कॅल्शियम यांचं आपसांत जमत नाही, तेव्हा त्यांना एका वेळी पोटात सोडायचं नाही. लोहाचं चहाशी तर उभं वैर. वर चहा प्यायलात तर ते नीट अंगी लागत नाही. त्याला सोबत क जीवनसत्त्व लागतं. ड जीवनसत्त्वाला तूप-तेल लागतं, म्हणून ते जेवणाबरोबर. जस्ताची गोळी रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून तीही जेवणाबरोबर. पण जेवणाबरोबर कॅल्शियम आधीच येऊन बसलेलं असतं. रुसक्या व्याह्यांना पंगतीत कुठे कुठे बसवायचं याचा घोर वधूपित्याला एक दिवस असतो. आम्हाला तो रोज असतो.

हिने या सगळ्याचा तक्ता करून फ्रिजवर चिकटवला आहे, चार रंगांच्या पेनांनी. त्या तक्त्यात चहाला मोकळी जागा सापडते ती दुपारी सव्वातीनला.

"मग तोवर काय करायचं?" मी विचारलं.

"पाणी प्या," ही म्हणाली. "नाहीतरी गोळ्यांना लागतंच."

आम्ही राहतो उर्स्याला. पुण्याहून मुंबईला जाणाऱ्यांना हे गाव टोलनाक्यामुळे ठाऊक असतं. मुंबईहून येणाऱ्यांचा टोल खालापूरलाच कापला जातो, त्यामुळे त्यांच्या लेखी आम्ही नाहीच. एकीकडे फिनोलेक्सचे कारखाने, एकीकडे द्रुतगती मार्ग, मधे भाताची खाचरं आणि खाचरांवर उभ्या राहिलेल्या आमच्यासारख्यांच्या इमारती. उन्हाळ्यात ऊन मरणाचं, पावसाळ्यात पाऊस मरणाचा. भाजी ताजी, दूध घरपोच. टोलनाक्याकडून वारा नसेल तर हवासुद्धा चांगली. अशा गावात राहून आमच्या सोसायटीतल्या एकूण एक माणसाच्या अंगात काही ना काही कमी आहे, हे उघडकीला आलं ते 'फुल बॉडी चेकअप'मुळे.

चेकअपवर ऑफर होती. एकाच्या पैशात नवरा-बायको दोघं. ऑफर असली की मराठी माणूस रक्तसुद्धा आनंदाने देतो. तळेगावहून एक पोरगा भल्या पहाटे मोटरसायकलवर आला आणि सबंध इमारतीचं रक्त घेऊन गेला. संध्याकाळी मोबाइलवर निकाल लागले. दुसऱ्या दिवशी जिन्यात लोक "कसं काय?" असं विचारायच्या ऐवजी "तुमचं डी किती?" असं विचारत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं नऊ निघालं. सगळे त्यांच्याकडे आदराने पाहू लागले. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांचं सगळंच व्यवस्थित निघालं. ते बिचारे दोन दिवस खाली मान घालून जात-येत होते.

खरं तर ड जीवनसत्त्व उन्हात कातडीतच तयार होतं, फुकट. पण काचेतून आत येणाऱ्या उन्हात ते तयार करणारे किरण येत नाहीत. आमची मंडळी घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, ऑफिसातून गाडीत. थेट ऊन अंगावर पडतं ते फास्टॅग वाचला गेला नाही म्हणून टोलनाक्यावर भांडायला खाली उतरतील तेव्हाच. तिथे जी दहा मिनिटं जातात तेवढंच काय ते त्यांचं ड जीवनसत्त्व.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरकडे जायचं असतं, असं त्याच रिपोर्टाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलेलं होतं. शेवटच्या पानापर्यंत कोण जातो? आम्ही मेडिकलमध्ये गेलो. मेडिकलवाल्याने लाल अक्षरांतले आकडे तेवढे पाहिले आणि काउंटरवर बाटल्यांची रांग लावली.

"याचे काही साइड इफेक्ट?" मी उगाच विचारलं. असं विचारलं की आपण जागरूक ग्राहक वाटतो.

"साइड इफेक्ट कसले काका? व्हिटॅमिनच तर आहे."

हे वाक्य मी त्यानंतर इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे, स्वतःच्याही, की बाटल्यांवरच छापायला हरकत नाही.

पहिला इफेक्ट दुसऱ्याच सकाळी दिसला. कुठे दिसला हे चारचौघांत सांगायचं नसतं, पण विषयच असा आहे. झळझळीत पिवळा. हळदीच्या पलीकडचा, जवळजवळ दिव्यासारखा. मी बाथरूममधून बाहेर आलो तो घाम पुसतच. ही बातमी हिला सांगितली, हिने ती काकूंना सांगितली आणि काकूंनी दुधाची किटली घेऊन आलेल्या अण्णांना. आमची इमारत ज्या खाचरावर उभी आहे ते अण्णांचं. खाचर गेलं, पण आमच्यावर देखरेख करण्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला आहे.

"कावीळ हाय," अण्णा किटली खाली ठेवत म्हणाले. "डोळं बघू."

त्यांनी बघितलं. मग काकूंनी बघितलं. मग मोबाइलचा टॉर्च लावून आणखी दोघांनी बघितलं. डोळे पांढरेच आहेत यावर बहुमत झालं, तरी अण्णा म्हणाले, "डोळ्यात मागनं येती." एका गावात काविळीची माळ घालतात. माळ गळ्यातून खाली उतरत गेली की कावीळ उतरली. आपल्या मेव्हण्याची तशीच उतरली. तेल-तूप बंद, मीठ बंद. उसाचा रस चालू. माझं जेवण बंद करण्यापर्यंत सभा येऊन पोचली तेव्हा मी तळेगावच्या डॉक्टरांकडे निघून गेलो.

डॉक्टरांनी विचारलं, "नवीन काही गोळ्या चालू केल्यात?"

"नाही."

"काहीच नाही?"

"छे! गोळ्या कसल्या? फक्त व्हिटॅमिनं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. बी-कॉम्प्लेक्समध्ये रायबोफ्लेविन असतं, म्हणजे बी-दोन, त्याचा रंगच मुळी पिवळा. शरीराला लागेल तेवढं ते ठेवून घेतं, उरलेलं दुसऱ्या दिवशी परत. म्हणजे तळेगावहून पैसे मोजून आणलेलं रायबोफ्लेविन उर्स्याला एक रात्र मुक्काम करून पवनेकडे निघालं होतं. मी फक्त वाटेतला नाका. आणि नाका असूनही टोल मीच भरलेला.

"भात कुठला खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"इंद्रायणी. दुसरा कुठला?" मावळात हा प्रश्न विचारणंसुद्धा अपमानाचं आहे. इंद्रायणी आमच्या शेजारच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राची. आंबेमोहोर आणि आयआर-आठ यांच्या संकरातून निघालेली ही जात १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आली, आणि तेव्हापासून आम्ही दुसऱ्या भाताला भात म्हणत नाही.

"पॉलिशचा?"

"पांढराशुभ्र!" मी अभिमानाने म्हणालो.

तर तिथेच सगळी गंमत आहे. तांदळातलं बी-एक बरंचसं असतं कोंड्यात. १८९०च्या दशकात जावा बेटावर आइकमन नावाच्या डच डॉक्टरांच्या कोंबड्या पांढरा पॉलिशचा तांदूळ खाऊन लुळ्या पडल्या, आणि कोंड्यासकट तांदूळ मिळाल्यावर उठून चालायला लागल्या. या शोधाबद्दल आइकमन यांना १९२९ साली नोबेल मिळालं. कोंबड्यांना काही मिळाल्याची नोंद नाही. आमच्याकडे भात गिरणीत जातो, तिथे जास्तीचे पैसे देऊन आपण तो पांढरा करून आणतो, निघालेला कोंडा अण्णा म्हशीला घालतात. बी-एक म्हशीला आणि बी-एकची गोळी आपल्याला. म्हशीचं एकदम ठणठणीत आहे. तिला कधी फुल बॉडी चेकअपची ऑफर आल्याचं ऐकलं नाही.

पण आपला पिवळा रंग हा किरकोळ इफेक्ट. खरा रंग पाहावा तो आमच्या मेव्हण्यांचा. त्यांचं कोलेस्टेरॉल वाढलं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालताना वेळ जाईना म्हणून ते कानात यंत्र घालून आरोग्यविषयक व्हिडिओ ऐकू लागले, आणि व्हिडिओ चांगले निघाल्यामुळे चालणं बंद करून बसून ऐकू लागले. त्यातून त्यांना नियासिनचा, म्हणजे बी-तीनचा, शोध लागला. माणसाला नियासिन दिवसाला पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. मेव्हण्यांनी मागवलेल्या एकेका गोळीत ते पाचशे मिलिग्रॅम होतं. "एवढं कशाला?" असं मी विचारलं तर म्हणाले, "भावजी, व्हिटॅमिनच तर आहे. जास्त झालं तर बाहेर जातं." पिवळ्या प्रकरणातून आमच्या घराण्याने घेतलेला हा धडा.

त्यांच्या मुलीच्या लग्नाची याद्यांची बैठक होती. मुलाकडचे आठ-दहा लोक आलेले. पोहे झाले. सुपाऱ्या झाल्या. हॉलचा खर्च कोणी करायचा आणि मानपानाचं काय, या नाजूक जागेवर बोलणं आलं. मुलाच्या मामांनी घसा साफ केला. "आमच्याकडे पद्धत अशी आहे," त्यांनी सुरुवात केली, आणि बरोबर त्याच वेळेला मेव्हण्यांची पोह्यांवर घेतलेली गोळी चढली. नियासिनने कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुलतात. आधी कान लाल झाले. मग मान. मग कपाळ. डोळे वटारल्यासारखे, नाकपुड्या फुललेल्या, तोंडातून अक्षर नाही, कारण अंगाची आग होत असताना माणूस बोलणार काय? मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. त्यांच्या अंगाची धग मला लागत होती.

मुलाचे मामा थांबले. "म्हणजे पद्धत आहे आपली," ते पुन्हा म्हणाले, जरा हळू, "पण आग्रह काही नाही."

मेव्हण्यांनी टोपी काढून वारा घेतला.

"हॉलचं अर्धं-अर्धं करू," मुलाचे वडील घाईने म्हणाले. "किंवा राहू द्या, आमचं आम्ही बघतो. मानपान वगैरे आता कोण मानतं!"

तासाभरात लाली ओसरली, तेव्हा बैठकही आटोपली होती. मेव्हण्यांचा दरारा आजतागायत मुलाकडच्या अख्ख्या भावकीत टिकून आहे. व्हिटॅमिनचा इतका चांगला साइड इफेक्ट माझ्या पाहण्यात नाही. डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी मेव्हण्यांची बाटली जप्त केली. इतक्या मोठ्या मात्रेने यकृताचं नुकसान होऊ शकतं म्हणाले. मेव्हणे नाइलाजाने पुन्हा चालू लागले, पण दोन गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून ठेवल्यात असा मला संशय आहे. धाकटीचं अजून व्हायचंय.

आता लोहाबद्दल. लोहाच्या गोळीने पोट बांधून येतं आणि रंग काळा होतो. कसला, ते पिवळ्याच्या वेळी सांगून झालंय, पुन्हा सांगत नाही. बांधून आलं म्हणून इसबगोल. इसबगोलाने पोट फुगलं म्हणून ओव्याचा अर्क. अर्काने जळजळ म्हणून अँटासिड. अँटासिडने लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून लोहाची गोळी वाढवायची की काय, असा विचार हिच्या मनात चालू असताना मी मधे पडलो. माझा हिशेब साधा होता. लोहाने बांधतं आणि क जीवनसत्त्व जादा झालं की सुटतं, हे दोन्ही बाटल्यांची माहिती काढताना कळलं होतं. मग दोन्ही घेतल्या तर जमाखर्च बरोबर! गणितात हे बसतं. पोटाचं गणित कच्चं असतं.

क जीवनसत्त्वाचं आमच्याकडे करोनापासून सुरू झालं. २०२० साली चघळायच्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळेनाशा झाल्या आणि जे मिळत नाही ते गुणकारी असणारच, या न्यायाने आम्ही त्या साठवल्या. चव आंबट-गोड, लिमलेटसारखी. एक संपली की जीभ दुसरी मागते. पुरुषाला दिवसाला ८० मिलिग्रॅम पुरे, असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. एका बऱ्यापैकी पेरूत त्याहून जास्त असतं, आणि उर्स्याच्या बाजारात पेरू मिळतात. पण पेरूत बिया असतात, त्या दाढेत अडकतात. गोळी ५०० मिलिग्रॅमची, बिया नाहीत. शिवाय आमच्या पाठीशी लायनस पॉलिंग होते. दोन नोबेल मिळालेला माणूस, १९५४ साली रसायनशास्त्राचं, १९६२ साली शांततेचं. १९७० साली त्यांनी क जीवनसत्त्व आणि सर्दी यांवर पुस्तक लिहिलं आणि स्वतः ग्रॅमच्या हिशेबाने ते खात राहिले. पुढच्या तपासण्यांत असं दिसलं की तुमच्या-आमच्यासारख्यांची सर्दी याने टळत नाही, झालेली फार तर थोडी लवकर जाते. पण दोन नोबेलवाला म्हणतो म्हटल्यावर तपासण्या कोण वाचतो? पॉलिंगसाहेब त्र्याण्णव वर्षं जगले हेही खरं. मात्र त्यांना शनिवारी सकाळी उर्स्याहून मुंबईला जावं लागत नव्हतं.

मला जावं लागलं. बाहेर पाऊस, नाक गळत होतं, म्हणून निघताना मूठभर गोळ्या खिशात टाकल्या आणि गाडीत चघळत बसलो. दोन ग्रॅमच्या वर गेलं की पोट कुरकुरतं, असं पुस्तकात म्हणतात. मी कुठवर गेलो होतो ते मोजलं नाही. टोल भरला, गाडीने वेग घेतला, आणि पोटात पहिली कळ आली.

उर्स्याचा नाका ओलांडला की लोणावळ्यापर्यंत बाहेर पडायला वाट नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कामशेतच्या बोगद्यात शिरताना मी देवाचं नाव घेतलं. बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा दुसरं घेतलं. आणि पुढे पाहतो तर गाड्यांच्या लाल दिव्यांची रांग! शनिवार, पाऊस आणि अख्खं पुणे भुशी डॅम बघायला निघालेलं. शेजारच्या गाडीतली पोरं भजी खात होती. ती पाहवेनात. ही शांतपणे म्हणाली, "लोहाची गोळी देऊ का? बांधतं म्हणतात." मी बोलण्याच्या स्थितीत नव्हतो, नाहीतर त्या दिवशी आमच्या संसारात काही तरी घडलं असतं. लोणावळ्याला बाहेर पडलो. ज्या हॉटेलच्या मालकाने काही विचारायच्या आत हाताने दिशा दाखवली, त्याच्याकडून मी दोन किलो चिक्की घेतली. गरज नव्हती, पण काही उपकार पैशांत फेडता येत नाहीत, चिक्कीत येतात.

केसांची गोष्ट जरा वेगळी, कारण ती हिची आहे आणि ही लेख वाचणार आहे. केस गळतात म्हणून हिच्या मैत्रिणीने बायोटिन सुचवलं. त्या मैत्रिणीला तिच्या पार्लरवालीने, पार्लरवालीला कंपनीच्या माणसाने. दहा हजार मायक्रोग्रॅमची गोळी. लागतात दिवसाला तीस-चाळीस, पण आकड्यावर शून्यं जितकी जास्त तितके केस दाट, अशी समजूत. केसांचं काय झालं याबद्दल घरात दोन मतं आहेत आणि मी हिच्या मताचा आहे. मात्र नेहमीची थायरॉइडची तपासणी केली तर आकडे भलतेच! इतकी वर्षं मंद चालणारा थायरॉइड कागदावर एकदम धावत सुटलेला. आम्ही लॅबला नावं ठेवली. दुसऱ्या लॅबला गेलो. तिथेही तेच. मग दोन्ही लॅबना नावं ठेवली. डॉक्टर गोळी कमी करणार, तेवढ्यात त्यांना आमचा पूर्वेतिहास आठवला.

"केसांसाठी काही घेता का?"

"गोळ्या नाही घेत," ही म्हणाली.

"गोळ्या नाही. व्हिटॅमिन?"

तर बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांच्या पद्धतीतच लुडबुड करतं. थायरॉइडचे आकडे खोटे दाखवतं, हृदयाच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीसुद्धा बिघडवू शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ सालीच त्याबद्दल इशारा दिला होता. तो पार्लरपर्यंत पोचायचा आहे. लॅबवाल्यांची मी मनातल्या मनात माफी मागितली. प्रत्यक्ष मागायला ऑफर संपली होती.

केसांच्या गोळ्यांत कधी कधी सेलेनियमही असतं, आणि त्याची गंमत भयंकर आहे. ते योग्य तेवढं लागतं, पण फार झालं की केसच गळतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात २०२४च्या डिसेंबरापासून गावंच्या गावं टकली होऊ लागली, तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला होता. तीन-चार दिवसांत डोकं साफ. बायका-पोरांसकट पावणेतीनशेच्या वर माणसं, अठरा गावांत. लोकांनी पाण्यावर संशय घेतला, शाम्पूवर घेतला. विंचूदंशावरच्या कामासाठी ज्यांना सगळे ओळखतात त्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपास करून बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या बेसुमार सेलेनियमकडे. त्या बिचाऱ्यांनी काही हौसेने खाल्लं नव्हतं, पोळीतून गेलं. आपण तेच खनिज केस वाढावेत म्हणून बाटलीतून घेतो, वर दोन बाटल्यांत ते आहे का हे बघतही नाही. मी एकदा भिंग घेऊन आमच्या सगळ्या बाटल्यांची मागची बाजू वाचली. सेलेनियम तीन बाटल्यांत, जस्त चारांत, बी-सहा पाचांत. बी-सहा जादा प्रमाणात महिनोन्महिने घेतलं तर हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मुंग्यांवर मेडिकलवाला काय देतो? बी-कॉम्प्लेक्स.

आमच्या साडूभाऊंचं मात्र हसण्यावारी न्यायचं प्रकरण नव्हतं. पाण्यात विरघळणारी व्हिटॅमिनं निदान बऱ्यापैकी बाहेर तरी पडतात. अ, ड, ई, के ही चरबीत विरघळणारी. ती पाहुण्यासारखी येतात आणि भाडेकरूसारखी राहतात. साडूभाऊंना ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी दिली होती, आठवड्यातून एक, दुधातून. रोजची गरज धरतात सहाशे युनिट. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची बेगमी. साडूभाऊ शिस्तीचे, रोज सकाळी दूध पिणारे. त्यांनी पुडीसुद्धा रोजच्या शिस्तीत बसवली. आठवड्याची पुडी रोज घेतली तर सातपट लवकर बरं वाटेल, असा त्यांचा हिशेब. तहान वाढली, मळमळ सुरू झाली, जेवण जाईना, रात्री चार-चारदा उठायला लागले. "अशक्तपणा आलाय," असं घरच्यांनी ठरवलं आणि वर कॅल्शियम चालू केलं. रक्तात कॅल्शियम आधीच मावेनासं झालं होतं, म्हणून तर हे सगळं. डॉक्टरांनी तपासून थेट दवाखान्यात ठेवलं, मूत्रपिंडावर येण्याआधी आवरलं. आता ठीक आहेत. भेटायला गेलो तर विचारत होते, "उरलेल्या पुड्या तुम्हाला हव्यात का? महागाच्या आहेत."

साडूभाऊ सिगारेट ओढतात. ती सोडवत नाही म्हणून त्यावर उतारा म्हणून बीटा कॅरोटीन घ्यायचा त्यांचा बेत होता. डॉक्टर म्हणाले, हा प्रयोग फिनलंडच्या लोकांनी आधीच करून झालाय. तिथे एकोणतीस हजारांवर सिगारेटवाले पुरुष घेतले, त्यातल्या काहींना बीटा कॅरोटीन दिलं, आणि १९९४ साली निकाल लागला तो उलटा. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग जास्त. साडूभाऊ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "फिनलंडमध्ये थंडी असते."

एक दिवस अण्णा दूध द्यायला आले तेव्हा मी बाटल्या टेबलावर मांडून त्यांची जुळवाजुळव करत बसलो होतो. अण्णांनी एक बाटली उचलली.

"आमी म्हशीला मिनरल मिक्श्चर देतो," ते म्हणाले, "पर जनावराच्या डाक्टरला इचारून. पाकिटावर लिवल्यालं आसतंय, येवढ्या दुधाला येवढं. भाताला झिंक टाकतो ते माती तपासून. तुमी कुनाला इचारता?"

मी बाटली फिरवून त्यांना मागची ओळ दाखवली. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे अशा बाटल्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापणं बंधनकारक आहे. अण्णांनी ते वाचलं.

"मंग कशासाठी हाय?"

याचं उत्तर कुठल्याच बाटलीवर छापलेलं नव्हतं. अण्णा जरा घुटमळले. दारापर्यंत गेले आणि परत आले.

"तेवढी गुडघ्याची आसंल तर एक बाटली द्या," ते हळू आवाजात म्हणाले. "घरात सांगू नका. व्हिटॅमिनच हाय न्हवं?"

मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी आता विचारायची पद्धतच बदलली आहे. 'गोळ्या चालू आहेत का?' हे विचारून झालं की लगेच दुसरा प्रश्न येतो: "आणि ज्यांना तुम्ही गोळ्या म्हणत नाही, त्या कोणत्या?" तुमच्या डॉक्टरांनी असं विचारलं नाही तरी सांगा. यादी लांब असेल तर घरून लिहून न्या, आणि जमलं तर बाटल्याच पिशवीत घालून घेऊन जा.